आधी मापं, मग चिरा

पत्र: ताई, आमचं गाव राजापूर तालुक्यात आहे. एप्रिलमध्ये हापूस उतरवताना ह्यांचा पाय फांदीवरून सटकला आणि ते पाठीवर पडले. मणक्याला मार बसला. ऑपरेशन झालं, पण कमरेखाली काहीच कळत नाही. हात चांगले आहेत. सध्या मुंबईला पुनर्वसनाच्या वॉर्डात आहेत, सोबत दीर आहेत. मी मुलांसाठी आणि लावणीसाठी परत आले. गणपतीच्या आधी घरी सोडतील असं डॉक्टर म्हणतात. वाडीतल्या मुलांनी आणि मुंबई मंडळाने मिळून ठरवलंय की त्याआधी घर तयार करायचं. जांभ्याचे चिरे आले, सिमेंट आलं. पुढच्या पायऱ्यांवर दहा फुटांचा रॅम्प, ओटीवर पलंग, परसातल्या संडासात कमोड. ह्यांना मात्र काही सांगायचं नाही, आल्यावर बघून खूश होतील म्हणतात. सासूबाई उंबरठ्याला हात लावू देत नाहीत. सगळ्यांची माया दिसते, पण माझ्या पोटात गोळा येतो. एवढे उपकार कसे फेडायचे? आणि काही बोलावं तर लोक म्हणतील, एवढं करतोय तरी हिचे नखरे. काय करू?
– एक वाचक भगिनी

उत्तर:

ताई, काम दोन दिवस थांबवा. वाडीतल्या मुलांना राग येणार नाही अशा शब्दांत सांगायचं असेल तर एवढंच म्हणा, "वॉर्डातल्या मॅडमनी मापं मागितली आहेत, ती पाठवल्याशिवाय चिरा लावू नका असं म्हणाल्या." हे खोटंही ठरणार नाही, कारण आज फोन करून तुम्ही खरोखरच त्यांना विचारायचं आहे. पुनर्वसनाच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे) असतात. पेशंटचं घर कसं आहे हे समजून घेणं त्यांच्या कामातच येतं. दिरांना सांगा, थेरपिस्टसमोर बसून व्हिडिओ कॉल लावा आणि खळ्यापासून, म्हणजे पुढच्या अंगणापासून, परसापर्यंत अख्खं घर फिरून दाखवा. त्या वेळी तुमचे यजमान शेजारी बसलेले हवेत आणि मुलांपैकी एकजण तुमच्याबरोबर टेप घेऊन हवा.

तुमच्या पोटातला गोळा मला बरोबर वाटतो. घर त्यांचं आहे, शरीर त्यांचं आहे आणि ह्या सगळ्या बेतात त्यांना कुणी एक शब्द विचारलेला नाही. गेले काही महिने त्यांच्या बाबतीतलं सगळं दुसरेच ठरवत आहेत: कूस कधी बदलायची, अंघोळ कधी, जेवण कधी. घरी आल्यावरही पलंग कुठे हे वाडीने ठरवलेलं दिसलं तर ते तोंडाने "छान केलंत" म्हणतील आणि आतून मिटतील. म्हणून गंमत म्हणून लपवून ठेवायचा बेत पहिला रद्द. प्रत्येक गोष्ट त्यांना विचारून. फोनवर ते "तुम्ही ठरवा" म्हणतील, बहुतेक सगळेच म्हणतात. मग उघडा प्रश्न टाकू नका, दोन पर्याय ठेवा: पलंग खिडकीच्या अंगाने की भिंतीच्या? दिवसा कुठे बसायला आवडेल, ओटीवर की मागच्या पडवीत?

आता रॅम्प. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचं जोतं किती उंच आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. कोकणातल्या घराला अडीच फूट जोतं सहज असतं, तेवढं धरू. व्हीलचेअरच्या उताराचा हिशेब असा की एक इंच चढायला बारा इंच लांबी. म्हणजे अडीच फुटांना तीस फूट. मुलं म्हणतात त्या दहा फुटांत हा चढ असा उभा होईल की त्यांना स्वतःला चढता येणार नाही, आणि उतरताना खुर्ची पुढे पळेल किंवा कलंडेल. मुलं म्हणतील, "आम्ही चौघं आहोत ना ढकलायला." आज आहेत. जानेवारीत एक रत्नागिरीला कामाला असेल, एक मुंबईला, एक बागेत फवारणीला. मग तुमचे यजमान घरात अडकून बसतील आणि खळ्यात उतरायचं तरी कुणाला तरी हाक मारावी लागेल. त्यांचे हात चांगले आहेत असं तुम्ही लिहिलंत, ही फार मोठी जमेची बाजू आहे. ज्यावरून ते एकटे वर-खाली करू शकतील असाच उतार बांधायचा.

तीस फूट जागा समोर नसेल तर काटकोनात वळवा. वळणावर पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा सोडा, वर दारापाशीही तेवढीच सोडा. दार उघडताना खुर्ची मागे घसरता कामा नये. रुंदी मोकळी चार फूट. दोन्ही कडांना दोन-तीन इंचांचा उंचवटा, म्हणजे चाक बाहेर जाणार नाही, आणि हाताला धरायला पाइप.

पण त्याआधी घराभोवती एक फेरी मारा. आपली घरं उतारावर असतात. पुढे जोतं अडीच फूट असलं तरी बाजूच्या किंवा मागच्या पडवीशी जमीन वर आलेली असते आणि तिथे पायरी एखादीच असते. तिथून उतार काढला तर दहा-बारा फुटांत काम होईल, पडवीचं छप्पर थोडं पुढे ओढलं की तो पावसातही कोरडा राहील. हा मुद्दा राजापूरच्या पावसात फार महत्त्वाचा. उघड्या रॅम्पवर एका पावसाळ्यात शेवाळ धरतं. गुळगुळीत कोबा मुळीच घालू देऊ नका. सिमेंट ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढायला सांगा, म्हणजे चाकाला पकड राहते. टाइल्स तर नकोतच, कितीही सुंदर दिसल्या तरी.

आणि श्रावणातल्या पावसात उघड्यावर चिरेकाम करायची घाई कशाला? ते घरी येतील तेव्हा पडवीच्या छपराखालचा उतार झालेला असला तरी पुरे. पुढचा मोठा रॅम्प दसऱ्यानंतर, पाऊस गेल्यावर बांधावा. तोवर ते स्वतः खुर्चीवरून घरात वावरलेले असतील आणि कुठे काय हवं ते गवंड्याला स्वतःच सांगतील.

सासूबाईंच्या उंबरठ्याबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका, आणि मुलांनाही घालू देऊ नका. मुलगा झाडावरून पडला त्या घराच्या उंबरठ्यावर पहार मारायची म्हटल्यावर आईच्या मनात काय येत असेल ह्याचा विचार करा. उंबरठा काढून टाकायची गरजच नाही. तोच उंबरठा, तेच लाकूड किंवा तोच दगड, खाली खणून जमिनीच्या पातळीला बसवता येतो. त्यावर रोज हळदकुंकू वाहता येतं, रांगोळी काढता येते आणि चाकही अडत नाही. चांगल्या सुताराला आणि गवंड्याला हे एका दिवसाचं काम. हवं तर दिवस, वेळ सासूबाईंनाच ठरवू द्या. तेही त्यांना नको असेल तर दोन्ही बाजूंना लाकडी पाचरीसारखे उतार करून घ्या. रोजचं येणं-जाणं पडवीतून असलं तरी पुढचं दारही त्यांना खुलं झालंच पाहिजे. गणपती ज्या दारातून घरात येतो त्या दारातून त्यांनाही येता यायला हवं.

बाकीच्या दारांची मापं घ्या. खुर्ची साधारण पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते आणि चाकं फिरवणाऱ्या हातांना दोन्हीकडे जागा लागते. दार उघडल्यावर मोकळी जागा बत्तीस इंच तरी हवी, छत्तीस असेल तर उत्तम. जुन्या घराची दारं ह्याहून अरुंद निघतात. कधी नुसती फळी काढून जाड पडदा लावला तरी ते दोन इंच मिळतात. भिंत फोडायची वेळ आलीच तर जाणत्या गवंड्याशिवाय नाही. मातीत बांधलेल्या जांभ्याच्या भिंतीवर वरचं सगळं वजन असतं. रविवारच्या उत्साहात चौकट काढली आणि वर लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, नसलं तर नवंच संकट. शेणाने सारवलेली जमीन असेल तर त्यांच्या वावराच्या वाटेपुरता तरी कोबा करून घ्या. ओल्या सारवणात खुर्चीची पुढची बारकी चाकं रुततात.

संडास-बाथरूमच्या बाबतीत मात्र मुलांचा बेत सरळ बदलायचा. परसातला संडास नको. रात्री, पावसात, अंगण ओलांडून जाणं शक्य नाही, आणि असले बांधलेले संडास आतून एवढे लहान असतात की खुर्ची आत गेली तर दार लागत नाही. त्यांच्या खोलीला लागून, पडवीचा कोपरा घेऊन, आत पाच बाय सात फुटांचं एकच न्हाणीघर-संडास बांधा. खुर्ची पूर्ण वळवायला पाच फूट लागतात, म्हणून त्याहून कमी नको. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. पाइप जुन्या शोषखड्ड्याला जोडता येतो का ते गवंड्याला बघू दे. कमोडची बैठक खुर्चीच्या बैठकीच्या पातळीला, म्हणजे साधारण अठरा इंच. पलंगही गादी धरून खुर्चीच्याच उंचीचा. एकाच पातळीवरून सरकायचं असलं की हातांवर भार कमी येतो. गावातल्या सुताराकडून एक फळी करून घ्या: अठ्ठावीस इंच लांब, आठ-नऊ इंच रुंद, पाऊण इंच जाड, कडा गोल घासलेल्या, वर छान पॉलिश. पलंगावरून खुर्चीत सरकायला ही फळी लागते. बाजारात तिला बरेच पैसे पडतात.

धरायच्या दांड्यांकडे स्वतः लक्ष द्या. नुसत्या गिलाव्यात स्क्रू मारून बसवलेली दांडी एक दिवस माणसासकट हातात येते. भिंतीत खोल भोक पाडून, पक्क्या बोल्टने बसवायची, आणि बसवून झाल्यावर वाडीतल्या दोन दणकट मुलांनी तिला लोंबकळून बघायचं. हलली तर काढून परत. हे मुलांना सांगाल तर ती हौसेने करतील.

ह्यापुढचं घराबद्दलचं नाही, पण ह्याच्याएवढं महत्त्वाचं दुसरं काही नाही. त्यांना कमरेखाली जाणीव नाही, म्हणजे भाजलेलं, टोचलेलं, दाबलेलं त्यांना कळणार नाही. बंबातलं कढत पाणी थेट बादलीत नको. आधी गार, मग गरम, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बघितल्याशिवाय पायावर घ्यायचं नाही. कुणीतरी मायेने तेल आणेल, कुणी शेक द्यायला विटकर तापवून आणेल, कुणी मालिशवाल्याचं नाव सांगेल. शेक अजिबात नाही. मणक्याच्या पेशंटला अशा शेकाने पाय खोलवर भाजतात आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. तसेच दाबाचे व्रण, ज्यांना बेडसोअर म्हणतात. खुर्चीत बसलेले असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं किंवा पुढे झुकायचं, आणि अंथरुणात साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. वॉर्डात हे शिकवतात. तुम्ही निदान आठवडाभर तिथे जाऊन शिकून या. सरकवणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, पोट साफ करायची पद्धत, रोज आरशाने त्वचा बघणं, हे सगळं. लावणीचं तेवढं वाडी बघेल. मंडळाने एवढं केलं तरी दहा पोती सिमेंटपेक्षा जास्त मोलाचं होईल. हवेची गादी दिली असेल तर ती विजेवर चालते, आणि आपल्याकडे वादळात वीज गेली की कधी येईल ह्याचा भरवसा नाही. तेव्हा इन्व्हर्टरसाठी पैसे बाजूला ठेवा.

पलंग ओटीवर नको, हे माझं ठाम मत. येणारा-जाणारा बघेल, चौकशी करेल, त्यांना करमेल, असा लोकांचा हेतू. पण त्यांना दिवसातून कितीतरी वेळा कॅथेटर लागेल, कपडे बदलायचे असतील, कधी अंथरूण ओलं होईल, कधी रडू येईल. आणि तुम्ही दोघं नवरा-बायको आहात, तुम्हाला बोलायला एक बंद होणारं दार लागतं. खोली आतली द्या, खिडकी खळ्याकडे असलेली. ओटीवर ते खुर्चीत बसून येतील, मनात येईल तेव्हा, आणि मनात येईल तेव्हा आत जातील. सुरुवातीला भेटायला यायची वेळ संध्याकाळची ठेवा आणि हे तुम्ही सांगू नका, मंडळाच्या अध्यक्षांकडून सांगायला लावा.

आता उपकारांचं. लावणीला तुम्ही वारंगुळ्याने एकमेकांच्या मळ्यात उतरता, कौलं चाळायला, घर शाकारायला वाडी जमते. तेव्हा कुणी कुणाचं मिंधं होत नाही. तुमच्या यजमानांनीही कुणाच्या घराचे वासे चढवलेले असतील, कुणाच्या आजाऱ्याला रात्री गाडीत घालून नेलं असेल. मुलं जमली आहेत ती त्यातूनच. तरी मनाला लागू नये म्हणून एक व्यवस्था करा. एक वही घाला. कुणी किती पैसे दिले, चिरे किती, मजुरी किती, सगळं मंडळाच्या माणसाने लिहायचं आणि मुंबई मंडळाला पाठवायचं. पैसे तुमच्या हातात नकोत आणि हिशेबाची कुजबुजही नको. कामाचा एकच प्रमुख असावा, ज्याला गवंडीकाम कळतं असा; बाकी सगळ्यांनी त्याचं ऐकायचं. त्याने तुमच्या यजमानांशी रोज फोनवर बोलायचं. दोघं बोलू लागले की "ताई नखरे करतात" हा प्रश्नच उरत नाही, कारण मालकच सांगत असतात.

आणि मदत लांबवा. गणपतीत घर माणसांनी भरलेलं असेल, अनंतचतुर्दशीनंतर चाकरमानी निघून जातील आणि मग खरे दिवस सुरू होतील. तपासणीला गाडीतून नेणं, औषधं आणणं, दिवसाचे दोन तास त्यांच्याजवळ बसून तुम्हाला मोकळं करणं, मुलांचा अभ्यास. ज्यांना चिरे उचलता येत नाहीत त्या बायका, म्हातारी माणसं ह्यांना ही कामं द्या आणि त्याच वहीत महिन्यांच्या नावाने लिहून घ्या. तुमची पाठ हीच सगळ्या घराची पाठ आहे. त्यांना एकटीने उचलायचा प्रयत्न एकदाही करू नका.

कागदपत्रांतलं एक काम तातडीचं. बागेत काम करताना झाडावरून पडणं हा शेतीतला अपघात आहे. तुमच्याकडे सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेबद्दल तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आजच विचारा. तिच्या अर्जाला मुदत असते. उशीर झाला असेल तर अपघातापासून ते रुग्णालयातच आहेत हे कागदासह लेखी द्या आणि काय करता येईल ते विचारा. दुसरं, दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी सवलती आहेत, पण कार्ड नसेल तर काहीच हलत नाही. वॉर्डात आहेत तोवरच तिथे चौकशी करा. तिसरं, ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. सरपंचांकडे त्या निधीतून मदत मिळावी म्हणून लेखी अर्ज द्या. ते उपकार करणार नाहीत, तो निधी त्यासाठीच आहे.

शक्य झालं तर तुमच्या यजमानांची अशा एखाद्या माणसाशी फोनवर गाठ घालून द्या जो वर्षानुवर्षं व्हीलचेअरवर जगतो आहे. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्या स्वतः व्हीलचेअर वापरतात. संस्थेचं काम सिंधुदुर्गातही आहे. तिथे कळवून बघा. डॉक्टर, बायको, आई, वाडी ह्यांनी सांगितलेलं एका कानाने जातं; खुर्चीवर बसून संसार करणारा माणूस "मी असं करतो" म्हणाला की ते पोचतं.

शेवटी आंब्याचं बोलते, कारण तुम्ही ते लिहायचं टाळलंत असं मला वाटलं. झाडावर ते परत चढणार नाहीत. पण हापूसचा धंदा नुसता झाडावर नसतो. आंब्याची प्रत लावणं, पेटी भरणं, आढीवर लक्ष ठेवणं, दलालाशी फोनवर भाव करणं, हिशेब, हे सगळं खुर्चीवर बसून होतं, आणि फळ हातात घेऊन त्याची तयारी ओळखणारे हात त्यांचेच आहेत. तेव्हा मागच्या पडवीपासून आढीच्या खोलीपर्यंतची वाटही मापात धरा. तिथे एक टेबल हवं, खाली गुडघे जातील असं, जमिनीपासून सत्तावीस-अठ्ठावीस इंच मोकळं. हे ह्या वर्षी झालं नाही तरी चालेल, फेब्रुवारीच्या आत व्हावं. पण त्यांना ते आत्ताच विचारा. कमोडच्या उंचीबद्दल "तुम्ही ठरवा" म्हणणारा माणूस आढीच्या वाटेबद्दल तसं म्हणणार नाही.

जोत्याची उंची, चारही बाजूंची, आणि दारांची मापं एका कागदावर काढून मला पाठवा. पडवीचा फोटोही. उतार कुठून काढायचा ते बघून सांगते.